माझ्या हातांच्या मापाची भांडी

आक्का मला न्यायला आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. गावच्या शाळेतून त्या साली चौथी पास झालेली मी एकटीच मुलगी. आमचं गाव आटपाडीच्या पुढं, माळावर. पावसाचा भरवसा नसायचा, म्हणून शेतीच्या जोडीला मेंढरं. पोरीनं कोकरं राखावीत, शेण्या थापाव्यात आणि वेळ झाली की नवऱ्याच्या घरी जावं, एवढंच आमच्याकडं ठरलेलं. मला शाळेत घातलं तेसुद्धा मास्तरांनी वडिलांची पाठ धरली म्हणून. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. चौथीचा निकाल लागला त्या दिवशी मास्तर आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "आबा, हिला अक्षर लागलंय. हिला घरी बसवू नका."

पण चौथीच्या पुढचे वर्ग गावात नव्हते. मी उन्हाळाभर आबांच्या मागं लागले. ते म्हणायचे, "बगू." रडले की म्हणायचे, "बगू म्हनलं न्हवं?"

अशात आक्का आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई शेतात असायची, त्यामुळं मला कडेवर घेऊन वाढवलं ते आक्कानंच. तिचं लग्न होऊन ती निघाली तेव्हा मी गाडीच्या चाकाला मिठी मारून बसले होते म्हणे. दाजी, म्हणजे तिचा नवरा, पलूसकडच्या नदीकाठचे. आमच्यातलेच, पण पाण्याची जमीन असलेले. त्यांच्या घरातली निम्मी माणसं पलटणीत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर दाजी परत आले आणि साताऱ्यात एका सरकारी कचेरीत लागले. तिथं त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि आक्का आता तिथं बिऱ्हाड मांडणार होती.

जेवताना ती आबांना म्हणाली, "हिला मी नेते. तितं पोरींची शाळा हाय, सातवीपत्तुर. माज्याजवळ ऱ्हाईल, शिकंल."

मी आबांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाले, "ने."

एवढं सोपं होतं तर उन्हाळाभर मी रडले कशाला, असं मला वाटलं. आईनं माझे दोन परकर धुऊन वाळत घातले आणि एका फडक्यात बांधून दिले. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

आम्ही दोघी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं सांगलीला आलो. दाजी तिथं भेटणार होते. ते यायच्या आत आक्काला भांडी घ्यायची होती. सासरच्या एकत्र घरातून तिला एक घागर आणि दोन तांबे एवढंच मिळालं होतं. बाकी सगळं नवं.

तांबटांच्या दुकानांच्या रांगेत आम्ही शिरलो. हातोड्यांच्या आवाजानं कान बधिर झाले. आक्काचा जीव गोल बुडाच्या तांब्याच्या पातेल्यात. आईकडं तसलं होतं. बाहेरून मातीचा लेप द्यायचा आणि चुलीवर चढवायचं. पण दुकानदारानं विचारलं, "चूल हाय का शेगडी?"

"पंपाचा इष्टो घेतलाय मालकांनी," आक्का म्हणाली. 'मालकांनी' म्हणताना तिला जरा अभिमान वाटला असावा. "माडीवर बिऱ्हाड हाय. घरमालक चूल मांडू दीत न्हाई. खाली लाकडाचा तक्ता हाय."

"मग हे न्हाई चालायचं, बाई. इष्टोच्या कड्यावर गोल बूड डुगडुगतं. सपाट बुडाचं घ्या. आन जरा जाड घ्या, न्हाईतर मधल्या मधी करपंल."

मग त्यानं सपाट बुडाची पितळी पातेली काढली, एकात एक बसणारी. लढाईच्या दिवसांत पितळ महाग झालेलं, म्हणून शेजारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडीही मांडलेली होती, पांढरी, हलकी, हातात घेतली की खोटी वाटणारी. आक्कानं ती बाजूला सारली. तिनं मला पुढं ओढलं आणि म्हणाली, "तू उचलून बग. तुला पेलवंल ती घिऊ."

मी एकेक उचललं. तिनं दुकानदाराला पाणी मागितलं. मोठ्या पातेल्यात पाणी भरून तिनं मला ते दोन्ही कानांना धरून उचलायला लावलं. मी उचललं, पण हात थरथरले. "ह्ये नगं," ती म्हणाली. त्याच्याहून धाकटं भरलं. ते मी जमिनीवरून उचलून दुकानाच्या फळीवर ठेवलं. "ह्ये घिऊ." लोखंडी तव्याचंही तसंच. एका हातानं धरून मनगट वळतंय का, ते तिनं बघितलं. परातीत माझे दोन्ही हात पसरून ठेवायला लावले. उलथनं माझ्या मुठीत देऊन तिनं विचारलं, "दांडी लांब व्हतीय का?"

मला त्या दिवशी लय मोठं झाल्यासारखं वाटलं. आक्का माझ्या मतानं संसार मांडतेय! दाजी आले तेव्हा मी त्यांना उड्या मारत सांगितलं, "दाजी, समदी भांडी मी निवडली." ते हसले. आक्का पातेली फडक्यात बांधत होती. ती हसली नाही.

मिरजेहून आगगाडीनं सातारा रोड आणि तिथून मोटारीनं सातारा. खोल्या एका पेठेत होत्या. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. आणि कोपऱ्यात एका पत्र्याच्या चौरंगावर तो स्टो. पितळेचा, पोटाला गोल, तीन पायांवर उभा. दाजींनी तो राखेनं घासून आरशासारखा केला होता.

आक्का त्याच्याजवळ जायला तयार नव्हती. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन घरं सोडून एक नवी सून असल्याच स्टोनं भाजली. दाजींनी दोनदा पेटवून दाखवला. आक्का दाराशीच. "मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "हिला शिकवा. हिला अक्कल हाय."

दाजींनी मला पलटणीतल्यासारखं शिकवलं. एकेक हुकूम, मग ती एकेक कृती. नरसाळं लावून घासलेट ओत, पाऊण पोटापर्यंतच. हवेची चावी सैल कर. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिटचा चिंधीबोळा ठेव आणि पेटव. बर्नर लाल व्हायची वाट बघ. घाई करायची नाही, घाई केली की बिनतापलेलं घासलेट वर उसळतं आणि मग ज्वाळा कमरेएवढी. आता चावी आवळ. पंप मार, एक, दोन, तीन. स्टो घुरघुरायला लागायचा, ज्योत निळी व्हायची आणि दाजी ओरडायचे, "शाब्बास!" भोक बुजलं तर पिन घालायची, पत्र्याच्या पट्टीला बारीक तार बसवलेली. आणि शेजारी कायम एक ओलं गोणपाट. "आग लागली तर पानी मारायचं न्हाई. हवा सोडायची आन गोनपाट टाकायचं. काय?"

"हवा सोडायची आन गोनपाट टाकायचं."

आठ दिवसांत माझा त्यावर हात बसला. भाकरीनं मात्र महिनाभर रडवलं. चुलीवर कसं, तवा सगळीकडून तापतो, आणि भाकरी शेवटी आरापुढं, म्हणजे निखाऱ्यांपुढं, उभी केली की टम्म फुगते. स्टोला आर कुठला? ज्योत मधोमध, त्यामुळं भाकरीच्या पोटाला काळे डाग आणि कडा कच्च्या. दाजी मुकाट्यानं खायचे, कडा ताटाखाली सारायचे. मग मीच शोधून काढलं. तवा एका जागी ठेवायचाच नाही. घड्याळाच्या काट्यासारखा सरकवत राहायचा, प्रत्येक कडेला ज्योतीवर थोडा वेळ. शेवटी ज्योत बारीक करून भाकरी फडक्यानं दाबत फिरवायची. एके दिवशी ती फुगली. मी ओरडून आक्काला बोलावलं. तिनं दारातूनच बघितलं आणि माझी अलाबला घेतली.

मग आक्काला उलट्या सुरू झाल्या तेव्हा कळलं की तिला दिवस गेले होते. गावाला आली तेव्हाच गेले होते. आधीची दोन राहिली नव्हती. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. घासलेटाचा वास आला तरी आक्का मोरीकडं पळायची. त्यामुळं स्वयंपाक माझा, भांडी माझी, नळाचं पाणी माझं, कंट्रोलच्या घासलेटाची रांग माझी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आक्काचं करायचं नाही तर कुणाचं करायचं?

फक्त शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी खिडकीखालून मुली जायच्या. मी विचारलं.

"दाखला लागतुया गं," आक्का म्हणाली. "आबास्नी कळिवलंय. आला की घालायचं."

आषाढ संपला. पुन्हा विचारलं. "येईल की. मास्तर कामात असतील." श्रावणात विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुला माज्यापरास शाळा जास्त हाय व्हय?" आणि डोळ्याला पदर लावला. मग मी विचारायचं बंद केलं. मास्तरांनी दाखला धाडायला इतके दिवस का लावावेत, एवढंच मला कळेना. मी त्यांची आवडती होते.

आक्काला वाचता येत नव्हतं. गावाकडचं पत्र आलं की दाजी वाचून दाखवायचे. नागपंचमी होऊन गेली आणि दाजी साहेबांबरोबर आठ दिवस फिरतीवर गेले. त्याच वेळी पोस्टमन कार्ड देऊन गेला. आई आजारी असल्याचं आधीच्या पत्रात होतं, म्हणून आक्काला धीर निघेना. ती पाटावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "वाच गं. पयलं आयचं बग."

मी कणीक मळत होते. हात पुसले आणि कार्ड घेतलं. अक्षर मास्तरांचं होतं. आबांना सही सुद्धा येत नव्हती, ते सांगायचे आणि मास्तर लिहायचे. ते गोल, उभं अक्षर मी फळ्यावर चार वर्षं बघून गिरवलं होतं. माझंही तसंच झालं होतं.

मी मोठ्यानं सुरुवात केली. "चिरंजीव सौभाग्यवती मुलीस अनेक आशीर्वाद. तुझ्या आईस आता बरे आहे. ताप उतरला." आक्कानं हात जोडले. मी पुढं वाचायला लागले आणि पुढचं माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही.

ते अजून मला तोंडपाठ आहे. "धाकटीस शाळेचे नाव काढू देऊ नये. दाखल्याचे कारण सांगत जावे, म्हणजे ती आपोआप विसरेल. ठरल्याप्रमाणे तुझे बाळंतपण होईपर्यंत ती तुजकडे राहील. तिला येथेच खरे सांगितले असते तर ती आली नसती, हे तुझे म्हणणे बरोबर ठरले. माघात तिचे पाहू. जावईबापूंच्या गावचे स्थळ चांगले आहे. मास्तरांचेही मत पडले की, चौथी झाली तेवढी मुलीस पुष्कळ."

'मास्तरांचेही मत'. हे मास्तरांनीच लिहिलं होतं. त्याच अक्षरात. 'पुष्कळ' मधला ष त्यांनी नेहमीसारखा पोट फोडून काढला होता.

"का थांबलीस?" आक्का म्हणाली. "काय लिवलंय?"

मी कार्डाकडं बघत म्हणाले, "पाऊस न्हाई म्हनत्यात. मेंढरं बरी हायती. काळी मेंढी व्यालीया, दोन झालीत."

"आनि?"

"आनि तुला जपून ऱ्हा म्हनत्यात. जड उचलू नगं."

"तुज्याबद्दल काय न्हाई?"

तिनं हे विचारलं तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी होतं. भीतीच असावी. मी म्हणाले, "धाकटीला जीव लाव म्हनत्यात."

आक्काचे डोळे भरून आले. "लावत न्हाई व्हय मी?" असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तो हात नको होता. पण मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी पत्र खोटं वाचलं होतं, आणि ते इतकं सहज जमलं की माझी मलाच भीती वाटली.

मग परातीपाशी येऊन बसले. परातीत माझे हात नेमके मावत होते. पुढचं भरलेलं पातेलं उचललं, ते मला पेलत होतं. उलथन्याची दांडी मुठीत बसत होती. सांगलीच्या दुकानात पाणी भरून भरून आक्कानं काय मापलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. ती भांडी मी निवडली नव्हती. भांड्यांसाठी मला निवडलं होतं. आणि मी दाजींना उड्या मारत सांगितलं होतं.

दाजी परत आल्यावर आक्का म्हणाली, "आबांचं पत्र आलंय. हिनं वाचलं." मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांना कळलं.

"काय वो?" आक्का म्हणाली.

"खुशाली हाय," दाजी म्हणाले आणि कार्ड खिशात घातलं.

मला वाटलं, आता ते मला बाजूला घेऊन काहीतरी म्हणतील. 'चुकलं' म्हणणार नाहीत, पण काहीतरी. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी माझ्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या. आक्कानं कौतुकानं त्या माझ्या हातात भरल्या. दोन दिवसांत भांडी घासताना मी त्या सगळ्या फोडल्या. मुद्दाम नाही, पण जपल्याही नाहीत.

त्यानंतर एकदा घासलेटाच्या रांगेतून मी तशीच डबा घेऊन मुलींच्या शाळेत गेले. एक बाई पायरीवर उभ्या होत्या, नऊवारी, डोळ्याला चष्मा. मी म्हणाले, "मला पाचवीत बसायचंय." त्यांनी माझ्याकडं, मग डब्याकडं बघितलं. कपड्यांना वास येत असणार. पण त्यांनी हाकललं नाही. मला एक धडा वाचायला लावला. मी वाचला. "दाखला आण," त्या म्हणाल्या, "आणि घरातलं मोठं माणूस. दसऱ्यापर्यंत घेईन मी."

दाजींच्या ट्रंकेत कोरी कार्डं असायची. मी एक घेतलं आणि मास्तरांना लिहिलं. रागाचं एक अक्षर लिहिलं नाही. शाळेत शिकवलं होतं तसं 'साष्टांग नमस्कार' घातला. लिहिलं की इथल्या बाई दसऱ्यापर्यंत घेणार आहेत, दाखला तेवढा धाडावा, आबांना तूर्त सांगू नये. मला वाटलं होतं, आबांपुढं मास्तरांना तसं लिहावं लागलं असेल. पण मी एकटीनं मागितलं तर ते देतील. बसवू नका म्हणणारे तेच होते.

दाखला आला नाही. नवरात्रात आबाच आले.

सकाळची वेळ होती. तुपाची लोटी आणि बाजरीचं गाठोडं घेऊन ते जिना चढून आले. आक्काला बघून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाणी प्याले. मग कोपरीच्या खिशातून एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. माझंच कार्ड.

"ह्ये तू लिवलंस?"

मास्तरांनी दाखला दिला नव्हता. त्यांनी माझं कार्ड नेऊन आबांच्या हातात दिलं होतं आणि वाचूनही दाखवलं होतं.

"आबास्नी सांगू नये," आबा म्हणाले. "चार मान्सांत वाचलं मास्तरानं. माजी पोरगी माज्या माघारी पत्रं लिवती. बापाला फसवती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मी फसिवलं?" मी म्हणाले. "आबा, तुमी काय केलंसा? दाखल्याचं कारन सांगत जावा, म्हंजे ती आपूआप इसरंल. ह्ये कुनी लिवलं?"

आबांनी कार्ड खिशात घातलं. पण आक्का भिंतीला धरून उठली. तिला सातवा सरत आलेला. "तुला कुनी सांगितलं?"

"मी वाचलं. तूच दिलंस वाचाया."

ती आठवत राहिली. मग तिचा चेहरा बदलला. "मंजी काळी मेंढी?"

"कुटली मेंढी," आबा म्हणाले.

"तू मला खोटं वाचून दावलंस," आक्का म्हणाली. "मला अक्षर येत न्हाई म्हून. माज्या तोंडावर. मी तुला पोटच्या पोरीवानी..."

"तू खोटं बोलून आनलंस."

"मग काय करू? दोन गेली माजी! दोन! तुला पोटाशी धरून वाडिवलं, म्हनलं हीच करंल माजं. खरं सांगितलं आसतं तर आली आसतीस?"

आजही मला त्याचं उत्तर माहीत नाही. कदाचित आले असते. मला कुणी विचारलंच नाही.

"आन तितं ऱ्हायली आसतीस तर ह्या जेष्ठातच लगीन लावलं आसतं तुजं," आक्का म्हणाली. "मी आनलं म्हून वरीसभर सुटलीस. इचार आबास्नी."

मी आबांकडं बघितलं. ते म्हणाले, "आता पुरं. बाळंतपन हू दे. मग घालू शाळंत."

"माघात?" मी विचारलं. "स्थळ बगायच्या आदी का मागनं?"

त्यावर आबांनी हात उगारला, पण मारला नाही. खाली घेतला. "सैपाक कर," ते म्हणाले. "उपाशी आलोय मी."

"मी न्हाई पेटवायची," मी म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले.

मग आक्काच स्टोपाशी गेली. चार महिने ती मला दारातून बघत होती, तेवढ्यावर. तिनं चिंधीबोळा शोधला नाही, डब्यातलं घासलेटच वाटीत ओतलं, ते भरून खाली सांडलं. काडी ओढली. वाटी पेटली, त्याबरोबर चौरंगावर सांडलेलंही. ती घाबरली आणि पंप मारायला लागली. चावी आवळलेली, बर्नर थंड. घासलेट सरळ वर उसळलं आणि ज्वाळा तिच्या तोंडापर्यंत आली. आक्का किंचाळली, पण तिला मागं होता येईना, पोटाचा भार, मागं भिंत. आबा "पानी! पानी!" करत घागरीकडं धावले.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. आक्काला ढकललं, चावी सोडली, गोणपाट टाकलं. हिस्स करून सगळं विझलं. खोलीभर काळा धूर. आक्काच्या भुवया जळल्या होत्या, पदराचं टोक काळं झालं होतं. बाकी काही झालं नव्हतं. ती पोटावर दोन्ही हात ठेवून खाली बसली होती. "हलतंय," ती म्हणाली. "हलतंय गं. हात लाव." मी हात लावला. हलत होतं.

मग मी चौरंग पुसला, बर्नर थंड होऊ दिला, पिन घातली, चिंधीबोळा ठेवला आणि स्टो पेटवला. भाकऱ्या केल्या, पिठलं केलं. आबा पोटभर जेवले. तिथं मी हरले. नाही म्हणायला मला दुसरी जागा उरली नाही, कारण त्या घरात तो स्टो फक्त मलाच पेटवता येत होता.

दिवाळीनंतर आक्काला मुलगी झाली, जगली. तिला पहिलं न्हाऊ घातलं ते मी तापवलेल्या पाण्यानं. तिचा राग मला कधी आला नाही. माघात मला गावी नेलं आणि वैशाखात पलूसकडच्या त्या स्थळाशी लग्न झालं. माणसं वाईट नव्हती. ऊस होता, गुऱ्हाळ होतं, वीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर व्हायचा. नवरा पलटणीत होता आणि त्याची पत्रं मी स्वतः वाचत होते, एवढं मला चौथीनं दिलं. लग्नाला मास्तर आले होते. मानाचं पान त्यांचं. पाया पडायला मला पुढं केलं. मी वाकले, पण डोकं टेकवलं नाही. "सुखी राहा," ते म्हणाले. मी वर बघितलं तोवर ते जेवणाच्या पंगतीकडं निघाले होते. आबांना पुढं कितीतरी वर्षांनी मी एकदा साताऱ्याचं काढलं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं आणि म्हणाले, "कसली शाळा?" ते नाटक नव्हतं. ते विसरले होते.

आक्का मात्र विसरली नाही. तिनं ते वेगळंच आठवलं. त्या मुलीच्या लग्नात, बायका पापड लाटत बसलेल्या असताना, ती सगळ्यांना सांगत होती, "माजी धाकटी लय गुनाची. माज्या बाळंतपनाला शाळा सोडून आली. मास्तर म्हनत व्हतं, जाऊ नगंस, पन ह्यी म्हनली, माजी आक्का पयली." बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. भाची येऊन माझ्या गळ्यात पडली.

मी म्हणाले, "मी शाळा सोडली न्हाई, आक्का. मला फसवून नेलं."

लाटणी थांबली. आक्कानं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, आता तरी ही म्हणेल. पण तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, जणू भरल्या लग्नघरात मी तिच्यावर काहीतरी घाणेरडं टाकलं होतं.

"असं का बोलतीस गं," ती म्हणाली. "मी तुजं चांगलंच सांगत व्हते की."

मग कुणीतरी पिठाचा गोळा मागितला आणि लाटणी पुन्हा चालू झाली.